गॅजेटगिरी : आजी, वाय-फाय आणि तीन टिकल्या

रेडिओ विकत घ्यायला आजकाल दुकानात कोण जातं हो? गाडीत तो आधीच असतो, फोनवर अ‍ॅप असतं आणि घरात असलाच तर माळ्यावर, जुन्या वायरींच्या पिशवीत. त्यामुळे या वेळी तीन आठवड्यांच्या ट्रायलसाठी चक्क एक ‘पोर्टेबल इंटरनेट रेडिओ’ घरी आला, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की हा नेमका कुणासाठी? किंमत साडेनऊ हजार. साइज आपल्या ऑफिसच्या डब्याएवढा, वर हँडल, पुढे सहा बटणं, एक मोठा गोल नॉब आणि काडेपेटीपेक्षा जरासा मोठा कलर स्क्रीन. दिसायला एकदम रेट्रो. कॅफेच्या काउंटरवर ठेवला तर लोक फोटो काढतील.

आधी फंडा क्लिअर करू. साधा रेडिओ हवेतल्या लहरी पकडतो. हा तसं काही करत नाही (एफएमसाठी याला अँटेना आहे, ते वेगळं). हा तुमच्या वाय-फायवरून स्टेशनच्या सर्व्हरला हाक मारतो, सर्व्हर आवाजाचे तुकडे पाठवत राहतो, आणि डबा ते तुकडे थोडे साठवून मग वाजवतो. त्यामुळे हडपसर काय आणि हेलसिंकी काय, त्याला दोन्ही सारखंच लांब. कल्पना तशी तिशी ओलांडलेली आहे. १९९३ मध्ये कार्ल मालामूड यांनी अमेरिकेत ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला आणि ७ नोव्हेंबर १९९४ ला चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या ‘डब्ल्यूएक्सवायसी’ या विद्यार्थ्यांच्या स्टेशनने आपलं रोजचं प्रसारण सरळ इंटरनेटवर सोडलं. आपल्याकडे तेव्हा सामान्य माणसाला इंटरनेटचं कनेक्शनच मिळत नव्हतं. ते आलं १५ ऑगस्ट १९९५ ला.

सेटअप मात्र पेशन्सची परीक्षा आहे. याला कीबोर्ड नाही. वाय-फायचा पासवर्ड नॉब फिरवून एकेक अक्षर निवडत टाकायचा. आमचा पासवर्ड सतरा अक्षरी, त्यात दोन कॅपिटल, एक अ‍ॅट द रेट. कुलूपवाल्याने तिजोरी उघडावी तसं कान लावून बसावं लागतं. शिवाय हा फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं वाय-फाय ओळखतो. राउटरची दोन नावं दिसत असतील तर ज्याच्यापुढे ‘५जी’ लिहिलंय ते याला दिसणारच नाही, म्हणून उगाच सर्व्हिस सेंटरला फोन करू नका.

पण एकदा लागला, की मग जाम मजा! पहिले दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. सकाळी सातला चहा टाकायचा आणि न्यू ऑर्लिन्सचं ‘डब्ल्यूडब्ल्यूओझेड’ लावायचं. तिकडे आदल्या दिवशीची रात्र असते आणि हौशी, बिनपगारी निवेदक जॅझच्या रेकॉर्ड वाजवत असतात. कामाला बसताना ‘रेडिओ स्विस क्लासिक’, त्यात निवेदकाची बडबड जवळपास शून्य. दुपारी पॅरिसचं ‘फिप’. हे फ्रान्सच्या सरकारी रेडिओचं चॅनल १९७१ पासून चालू आहे. एका गाण्यानंतर दुसरं कुठलं येईल याचा तिथे काही भरवसा नाही, तीच त्याची गंमत. ‘रेडिओ पॅरडाइज’ आणि ‘सोमा एफएम’ ही कॅलिफोर्नियातली दोघं २००० पासून आहेत, दोघंही जाहिराती न घेता श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतात. आपल्याकडे रस्त्यात एफएम लावलं की चार गाणी आणि चौदा जाहिराती. त्यानंतर हे ऐकताना माणूस जरा हळवा होतो.

अर्थात, परदेशातलं स्टेशन लावून बसण्यात आपण काही नवीन करत नाही. १९५२ मध्ये बा. वि. केसकर (हो, आपले मराठी केसकर) नभोवाणीमंत्री झाले. हिंदी सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटायची, आकाशवाणीवर त्यांची वाट अडली, आणि सगळा देश काटा फिरवून रेडिओ सिलोनवर गेला. अमीन सयानींची गीतमाला तिथूनच घराघरात आली. शेवटी आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली. म्हणजे चांगलं ऐकायला मिळालं नाही, तर लोक समुद्रापलीकडचं स्टेशन शोधतात, हे तेव्हाच ठरलेलं आहे. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. त्या दिवशी आमच्या घरी आजी बराच वेळ काही बोलली नव्हती.

आता आजीबद्दल. खरं तर हा कॉलम तिच्यामुळेच वेगळ्या वळणाला गेला.

आजी गिरगावातली. लग्न होऊनही गिरगावातच राहिली, चाळ बदलली फक्त. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याला आमच्याकडे राहायला आली, कारण डोळे. मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात त्याला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग कामातून जातो. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं होतं. टीव्हीची चौकट दिसते, आतला चेहरा नाही. पेपर गेला, विणकाम गेलं, पत्ते गेले. राहिलं ऐकणं. आणि ऐकणं म्हणजे तिच्यासाठी मुंबई केंद्र. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भाऊजी, कामगार सभेतली गाणी, वनिता मंडळ, आपली आवड... एकाच काट्याच्या जागेवर अख्खं आयुष्य. मुंबईला अस्मिता वाहिनी ती ५५८ किलोहर्ट्झवर ऐकत आली. पुण्यात आमच्या सातव्या मजल्यावर मीडियम वेव्ह लावलं तर ऐकू येते ती फक्त ‘घूंऽऽऽ’. भिंतीत लोखंड, छतात एलईडी, प्रत्येक प्लगला चार्जर. ही सगळी मंडळी मीडियम वेव्हची शत्रू.

मग फोन आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. आकाशवाणीच्या ‘न्यूजऑनएअर’ अ‍ॅपवर देशभरातली स्टेशनं मिळतात, अस्मितासुद्धा. फुकट. पण दिसत नसलेल्या माणसाच्या हातात टचस्क्रीन देऊन बघा. काचेला वर नाही, खाली नाही, कड नाही. बोट जरा चुकलं की रेडिओऐवजी कुणालातरी व्हिडिओ कॉल. म्हणून ती हाक मारायची, “अगं, जरा लावून देतेस?” मी मीटिंगमध्ये असले की “पाच मिनिटं हं आजी” म्हणायचे. मग हळूहळू तिने हाक मारणंच कमी केलं. तक्रार नाही, काही नाही. आरामखुर्चीत नुसती बसलेली असायची. ऐंशी वर्षं कुणाकडे काही न मागता काढलेल्या बाईला दिवसातून सहा वेळा ‘लावून दे’ म्हणणं नको वाटत असणार.

तर ट्रायलच्या तिसऱ्या दिवशी मी हा डबा तिच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर नेऊन ठेवला. तिने आधी हात फिरवून नॉब शोधला. “हे फिरतंय,” ती म्हणाली. एवढंच. पण ते ज्या पद्धतीने म्हणाली, त्यावरून मला डब्याचं अर्धं मार्केटिंग समजलं.

अस्मिता लावणं सोपं गेलं नाही. कारण जरा टेक्निकल आहे, पण विकत घेणार असाल तर नक्की वाचा. या रेडिओला जगातली स्टेशनं स्वतःहून माहीत नसतात. एक कंपनी कुठेतरी सर्व्हरवर मोठी यादी ठेवते, देशवार, भाषावार. तिला डिरेक्टरी म्हणतात. आपण नॉब फिरवतो तेव्हा फिरत असते ती यादी. यादीतली नोंद जुनी झाली, की स्टेशन हयात असूनही तुमच्यापुरतं मुकं. आमच्या यादीत अस्मिताची जी नोंद होती ती अशीच मुकी. दुसरी भानगड फॉरमॅटची. आकाशवाणीचे स्ट्रीम ‘एचएलएस’ पद्धतीचे असतात, म्हणजे आवाज छोट्या छोट्या फायलींत कापून येतो. स्वस्तातल्या किंवा जुन्या संचांना फक्त एमपी३ची सलग धार पिता येते, हे तुकडे पचत नाहीत. आमच्या डब्याला पचत होते आणि लॅपटॉपवर त्याचं स्वतःचं पान उघडून स्ट्रीमचा पत्ता हाताने टाकायची सोयही होती. टाकला. दहा-बारा सेकंद शांतता... आणि मुंबई!

सहा बटणांपैकी पहिलं अस्मिता, दुसरं विविध भारती, तिसरं पुणे. बाकी तीन माझी. बटणं एका रांगेत, गुळगुळीत, एकसारखी, बोटाला कुठलं कुठलं ते कळणार नाही अशी. यावर आईने उपाय काढला. मखमली टिकल्यांचं पाकीट आणलं. पहिल्या बटणावर एक मोठी टिकली, तिसऱ्यावर दोन बारक्या, दुसरं तसंच कोरं. खर्च शून्य. बघा, एवढी साधी गोष्ट डिझाइनरच्या डोक्यात आली नाही. एखाद्या बटणावर नुसता उंचवटा दिला असता तरी चाललं असतं.

पुढचे पाच दिवस घरात रेडिओ वाजत होता आणि तो कुणीही ‘लावून दिलेला’ नव्हता. सकाळी मी उठायच्या आत बातम्या चालू. दुपारी कुठलंतरी भावगीत, तिच्या हलक्या आवाजासकट. आठव्या दिवशी संध्याकाळी ती पहिल्यांदा मला म्हणाली, “थांब, आधी हे संपू दे, मग बोलू.” मला इतकं बरं वाटलं!

आणि नवव्या दिवशी बटण नंबर एक गप्प.

मी बाहेर होते. घरी आले तर रेडिओ बंद, आजी खुर्चीत, हात मांडीवर. “माझ्याकडून काहीतरी बिघडलं वाटतं गं,” ती म्हणाली, “उगाच हात लावला मी.” बिघडलं तिच्याकडून काहीच नव्हतं. स्क्रीनवर स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं, की स्ट्रीम सापडत नाही. पण ते ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं? साधा रेडिओ बिघडला तर खरखरतो, निदान जिवंत आहे हे कळतं. हा गप्प बसतो. नेट गेलं तरी गप्प, स्टेशन गेलं तरी गप्प, बॅटरी संपली तरी गप्प. शांतता एकच, कारणं तीन, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला वाटणार की आपलंच चुकलं. साडेनऊ हजारांच्या यंत्रात ‘इंटरनेट नाही’ एवढं बोलून सांगणारा आवाज घालायला किती खर्च आला असता? या एका गोष्टीसाठी मी या डब्याचे सरळ दोन स्टार कापतेय.

रात्रीपर्यंत स्टेशन आपोआप सुरू झालं, तिकडूनच काहीतरी बंद पडलं असणार. आजी मात्र दुसऱ्या दिवशी बटणाला हात लावायला तयार नव्हती. “तूच लाव,” म्हणाली. पुन्हा तिथेच आलो. तिला परत बटणापर्यंत आणायला तीन दिवस लागले. आईने शेवटी एक नियम करून दिला : एक नंबर गप्प झालं तर दोन दाबायचं, दोनही गप्प तर नेट गेलंय, आपला काही संबंध नाही, चहा प्यायचा.

यावरून मी जरा खोदून बघितलं, कारण प्रश्न नऊ दिवसांचा नाही, नऊ वर्षांचा आहे. आमच्या माळ्यावरचा आजोबांचा ट्रान्झिस्टर आजही सेल घातले की लागतो, कारण त्याला फक्त स्टेशन चालू असावं लागतं. इंटरनेट रेडिओला स्टेशन, नेट, राउटर आणि शिवाय ती यादी ठेवणारी कंपनी, हे सगळे एकाच वेळी जिवंत लागतात. ‘रेसिव्हा’ नावाची डिरेक्टरी खूप ब्रँड्सचे संच वापरायचे. ती २०२१ मध्ये बंद झाली आणि चांगले ठणठणीत रेडिओ जगभर शोभेच्या वस्तू झाले. २०२३ मध्ये बीबीसीने जुन्या पद्धतीचे स्ट्रीम थांबवले, तेव्हा अनेक जुन्या संचांवरून बीबीसी गेली. आपल्याकडे तर याचा मोठा भाऊ होऊन गेलाय. वर्ल्डस्पेस आठवतंय? उपग्रहावरून येणारा रेडिओ, २००० मध्ये आशियासाठी उपग्रह सोडला, रहमानची सिग्नेचर ट्यून, शास्त्रीय संगीतासाठी ‘गंधर्व’ नावाचं चॅनल. रसिक मंडळी त्यावर जीव टाकायची. २००८ मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद. पैसे भरून घेतलेले संच एका रात्रीत मुके. अजूनही काही घरांत ते दिवाणखान्यात आहेत, फेकवत नाहीत म्हणून.

बाकी टेस्टिंगचं पटकन सांगते. आवाज छान, विशेषतः बोलणं स्पष्ट, गाण्यात खर्ज कमी. बॅटरी कंपनी म्हणते आठ तास, मला सहाच्या आसपास मिळाली. डेटा फार नाही : १२८ केबीपीएसचं स्टेशन तासाला साधारण ५८ एमबी खातं, रोज आठ तास म्हटलं तर महिन्याला १४ जीबीच्या आत. घरच्या ब्रॉडबँडवर जाणवणारही नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर मात्र जाणवेल. ‘पोर्टेबल’ हा शब्दही जरा बेतानेच घ्या. वाय-फाय जिथे संपतं तिथे पोर्टेबिलिटी संपते, आमच्याकडे ती बाल्कनीच्या दारात संपली. आणि उशीर! एकच स्टेशन एकदा एफएमवर आणि एकदा इंटरनेटवर लावून बघितलं. इंटरनेटवालं ३४ सेकंद मागे. मॅचची कॉमेंट्री ऐकणार असाल तर शेजारच्या घरातला आरडाओरडा आधी येईल आणि तुमची विकेट नंतर पडेल. आजी रेडिओवरच्या वेळेला घड्याळ लावणारी. तिला हे सांगितल्यावर म्हणाली, “मग अर्धा मिनिट पुढे लावीन.” प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.

सत्राव्या दिवशी दुपारी वीज गेली, दोन तास. रेडिओची बॅटरी फुल्ल, पण राउटर मेलेला, त्यामुळे दोन्ही बटणं गप्प. आजीने एक दाबलं, दोन दाबलं, मग आतून आवाज दिला, “नेट गेलंय गं! चहा टाक.” घाबरलेली नव्हती, उलट जरा अधिकारवाणीनेच. मी जाऊन डबा एफएमवर टाकला आणि आमचा चहा पुण्याच्या स्टेशनवर झाला.

तर घ्यायचा का? तुमच्या-माझ्यासाठी विचाराल, तर नाही. फोनवर ‘रेडिओ गार्डन’ टाका, अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०१६ मध्ये तयार झालेलं आहे. पृथ्वीचा गोल बोटाने फिरवा, हिरव्या ठिपक्यावर थांबा, ते गाव वाजायला लागतं. दीड-दोन हजारांचा बरा ब्लूटूथ स्पीकर जोडलात की काम झालं, उरलेल्या पैशांत लोणावळा. ज्यांना फोन दूर ठेवून काम करायचंय, गाण्याच्या मध्ये नोटिफिकेशनचा ‘टिंग’ नकोय, त्यांनी विचार करायला हरकत नाही, पण ती चैन आहे.

घरात काचेवर बोट फिरवता न येणारं माणूस असेल, तर माझं उत्तर वेगळं आहे. फक्त ब्रँडच्या नावावर जाऊ नका. दुकानात चार गोष्टी विचारा, नाही सांगितल्या तर उठा. स्टेशनचा पत्ता हाताने टाकता येतो का, कारण यादी बुडाली तरी मग संच पूर्ण बुडत नाही. एचएलएस वाजतं का. एफएम आत आहे का. आणि प्रीसेटची बटणं पुढच्या बाजूला, खरीखुरी, दाबल्यावर ‘टक्’ होणारी आहेत का, की स्क्रीनवर. शेवटचं सेल्समनला हास्यास्पद वाटेल. वाटू दे.

आमचा ट्रायलचा संच सोमवारी परत जातोय. घरच्यासाठी दुसरा मागवलाय, जरा जाडजूड बटणांचा, सातशे रुपये महाग. पैसे आजीने तिच्या पेन्शनमधून दिले, माझे घेतले नाहीत. सोबत राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेतलाय. हा बाजारात दीड हजाराच्या आसपास मिळतो आणि दोन-तीन तास सहज काढतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर वाचून जा, आणि फायबरचा वेगळा डबा असेल तर दोन आउटपुटवाला मागा. नाहीतर राउटर चालू राहील आणि नेट तरीही नसेल.